कोकण किनाऱ्याने मोटारसायकलवर: खाड्या, भरती-ओहोटी आणि मुक्काम यांची टप्प्याटप्प्याने आखणी

सागरी मार्गाने कोकण पाहायला मोटारसायकलवर निघालेल्यांची फसगत बहुधा एकाच ठिकाणी होते. नकाशावर मोजलेल्या किलोमीटरांना ते महामार्गाच्या वेगाने भागतात आणि मुक्काम कुठे पडेल ते ठरवून टाकतात. अलिबागपासून रेडीपर्यंतचा किनारा कागदावर सरळ दिसत असला, तरी दर थोड्या अंतरावर एखादी खाडी आत घुसलेली आहे. काही खाड्यांवर पूल आहेत, काही मात्र फेरीबोटीनेच ओलांडाव्या लागतात. परिणामी संध्याकाळी जेट्टीवर पोहोचावे तो शेवटची बोट सुटून गेलेली असते, मग अंधारात सड्यावरून, म्हणजे गावावरच्या कातळी पठारावरून, खोली शोधत फिरावे लागते, आणि ज्या निवांतपणासाठी हा सारा खटाटोप केला तो दुसऱ्या दिवशी अंथरुणातच संपतो. पुढील टप्पे १०० ते ३५० सीसीच्या नेहमीच्या वापरातल्या मोटारसायकलीसाठी आणि प्रामुख्याने मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांसाठी आहेत. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. गाडीची तयारी तिसऱ्या टप्प्यावर येते, पहिल्यावर नाही.

१. तारखा पंचांग पाहून ठरवाव्यात

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत सोयीचे आहेत. ऑक्टोबरात रस्त्यांवर पावसाळ्याचे खड्डे शिल्लक असतात आणि उकाडाही कमी नसतो. मार्चपासून सड्यांवरचे ऊन दुपारी असह्य होते, म्हणून त्या दिवसांत गाडी सकाळी अकराच्या आत थांबवायची असा नियम करूनच निघावे. जून ते सप्टेंबर या काळात किनाऱ्याने दुचाकीवर फिरणे, ज्यांना कोकणातला पाऊस ठाऊक आहे त्यांनीच करावे. फेरीबोटी वाऱ्यापावसामुळे आयत्या वेळी थांबतात, घाटांत दरडी येतात, आणि जांभ्याच्या कातळावर व गावातल्या उतारांवर शेवाळ धरते.

हंगाम ठरला की सण पाहावेत. गणेशोत्सवाच्या आधीचे चार दिवस आणि विसर्जनानंतरचे दोन दिवस चाकरमान्यांच्या गाड्यांनी मुंबई-गोवा महामार्ग भरून वाहतो, आणि गावांतली घरे त्यांच्याच माणसांनी भरलेली असतात. परक्या पाहुण्याला जागा मिळत नाही आणि ती मागूही नये. फाल्गुनी पौर्णिमेच्या आगेमागे शिमग्यात ग्रामदेवतांच्या पालख्या घरोघरी फिरतात. रस्त्यात पालखी आली तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि पालखी पुढे जाईपर्यंत थांबावे. हॉर्न वाजवून वाट मागणे हा गावाचा अपमान समजला जातो. अंगारकी चतुर्थीला गणपतीपुळे, महाशिवरात्रीला कुणकेश्वर आणि आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवशी मालवण तालुका टाळावा, किंवा जत्रेसाठीच जायचे असेल तर गाडी आधीच्या गावात लावून पुढे एसटीने जावे.

शेवटी तिथी पाहावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असते, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाणी कमीच चढते-उतरते. या माहितीचा उपयोग सहाव्या आणि आठव्या टप्प्यात होणार आहे, म्हणून आखणीच्या वहीत प्रत्येक तारखेसमोर तिथी लिहून ठेवावी.

२. किलोमीटर नव्हे, खाड्या मोजाव्यात

उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना दुचाकीस्वाराला ज्या फेरीबोटींशी काम पडते त्या मुख्यतः चार आहेत: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. मुंबईहून रस्ता टाळायचा असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट दुचाकी घेते, ती पाचवी समजावी. जयगडच्या दक्षिणेला पुलांची सोय बरीच झाली आहे. आरे-वारे, भाट्ये, पूर्णगड अशा खाड्या पुलांवरून ओलांडता येतात आणि वेळेचे गणित सोपे होते. त्यामुळे पहिल्यांदाच निघणाऱ्याने उत्तरेचा अर्धा भाग एका फेरीत आणि रत्नागिरीपासून खालचा भाग दुसऱ्या फेरीत करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एका आठवड्यात मांडव्यापासून रेडीपर्यंत गेलेल्यांना नंतर गावांची नावे सांगता येतात, गावे सांगता येत नाहीत.

दिवसाची आखणी करताना पुढील मर्यादा पाळावी: दिवसाला एक फेरीबोट ही आरामाची मर्यादा, दोन ही कमाल मर्यादा, आणि दोन असतील तर दुसरी दुपारी चारच्या आत गाठलेली असावी. किनाऱ्याच्या रस्त्यावर थांबे धरून तासाला २५ किलोमीटर हाच वेग गृहीत धरावा. उदाहरणार्थ, मुरुडहून श्रीवर्धनला जाताना आगरदांड्याची जेट्टी जवळच आहे, खाडी ओलांडायला फारसा वेळ लागत नाही, आणि दिघीहून दिवेआगर व शेखाडीवरून श्रीवर्धन गाठेपर्यंत एकूण पन्नासेक किलोमीटरच होतात. तरीही बोटीची वाट पाहणे, दिवेआगरच्या सुरूच्या बनात घटकाभर टेकणे आणि शेखाडीच्या रस्त्यावर, जिथे समुद्र डांबराला लागूनच आहे, तिथे चारदा थांबणे हे सारे धरले की सकाळी आठला निघालेला माणूस दुपारच्या जेवणालाच पोहोचतो. हा दिवस पूर्ण भरलेला आहे. त्यात आणखी हरिहरेश्वर आणि बाणकोट कोंबू नये.

मुंबईहून सात दिवस हाताशी असतील तर पुढील साखळी चांगली बसते. पहिल्या दिवशी मांडव्यावरून अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरुड. दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन. तिसरा दिवस तिथेच. चौथ्या दिवशी बागमांडल्याची बोट धरून आंजर्ले किंवा हर्णै. पाचवा दिवस तिथेच. सहाव्या दिवशी दाभोळची बोट धरून गुहागर. सातव्या दिवशी चिपळूणमार्गे परत. पुण्याहून येणाऱ्याने ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळामार्गे थेट श्रीवर्धनपासून सुरुवात करावी. प्रत्येक चालत्या दिवसानंतर एक थांबलेला दिवस मिळाला तर उत्तम, पण निदान दोन ठिकाणी तरी सलग दोन रात्री काढाव्यात.

इशारा: मुरुड दोन आहेत. एक जंजिऱ्याजवळचे, रायगड जिल्ह्यातले. दुसरे दापोली तालुक्यातले, कर्दे आणि हर्णैच्या शेजारचे. चुकीच्या मुरुडला खोली ठरवणारे दरवर्षी भेटतात, आणि ती चूक लक्षात येते तेव्हा मध्ये दोन खाड्या असतात.

तपासणी: प्रत्येक जेट्टीवरची पहिली आणि शेवटची फेरी आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरमालकांना विचारून घ्यावी. दाभोळची बोट चुकली तर गुहागरला जाण्यासाठी दापोली, खेड, चिपळूण असा शंभराहून अधिक किलोमीटरांचा वळसा पडतो.

३. गाडीची तयारी आठ दिवस आधी

निघण्याच्या आदल्या रात्री सर्व्हिसिंग करून आणलेली गाडी हा सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत टाळता येण्यासारखा घोळ आहे. गॅरेजमध्ये काही ढिले राहिले असेल, तर ते पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरांतच कळते. ते किलोमीटर आपल्याच गावात झालेले बरे. नवे टायरही सुरुवातीला गुळगुळीत असतात आणि पहिले शंभरेक किलोमीटर त्यांच्यावर वळणात भरवसा ठेवता येत नाही, म्हणून टायर बदलायचे असतील तर तेही याच वेळी बदलावेत.

मेकॅनिककडून पुढील गोष्टी समोर उभे राहून करून घ्याव्यात. दोन्ही ब्रेक उघडून पॅड किंवा लायनर पाहावेत, कारण घाट उतरताना त्यांचीच परीक्षा असते. चेनचा ताण गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतका ठेवावा. सामान आणि मागे बसणारी व्यक्ती यांच्या वजनाने तो आणखी वाढतो, त्यामुळे फार आवळलेली चेन घातक ठरते. क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या केबलींचे टोकाजवळचे तंतू तुटू लागले असतील तर केबल बदलावी. बॅटरीची टोके साफ करून त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी, कारण खाऱ्या हवेत ती लवकर हिरवी पडतात. हॉर्न आणि पुढचा दिवा यांकडे शहरात दुर्लक्ष होते. कोकणातल्या एकेरी रस्त्यावर वळणापूर्वीचा हॉर्न हाच आपला सिग्नल असतो.

सोबत ठेवायची हत्यारे मोजकीच असावीत: पंक्चरचे सामान आणि छोटा पंप, ट्यूबचा टायर असेल तर एक ट्यूब, क्लचची जादा केबल, प्लग आणि प्लगपाना, दोन फ्यूज, चेनचे तेल, चिकटपट्टी आणि लोखंडी तार. चेनला साधारण ५०० किलोमीटरांनी तेल द्यायचे असते, पण किनाऱ्यावर ते एक दिवसाआड द्यावे.

कागदपत्रांबाबत फार लिहिण्याचे कारण नाही. परवाना, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात, मात्र मोबाईलची रेंज अनेक वाड्यांत नसते, म्हणून ते आधीच उतरवून ठेवावेत. हेल्मेट दोघांनाही लागते आणि ते आयएसआयचेच असावे.

४. सामान बांधणे

वजन खाली आणि पुढे हा नियम आहे. जड वस्तू सीटच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत तळाला आणि सारख्या वाटून ठेवाव्यात. मागच्या कॅरिअरवर उंच रचलेली बॅग घाटातल्या वळणावर गाडीला बाहेर ओढते. हँडलला पिशवी अडकवणे तर पूर्णपणे वर्ज्य समजावे. कपडे आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग बॅगेत घालावेत, पावसाळा नसला तरी, कारण फेरीबोटीच्या कठड्यावरून उडालेले खारे पाणी कपड्यांत शिरले की ते दिवसभर चिकट राहतात. बांधून झाल्यावर दोऱ्यांची लोंबती टोके चेन आणि मागच्या चाकापासून दूर खोचावीत, आणि पिशवी सायलेन्सरला टेकत नाही ना हे माणूस मागे बसवून पाहावे.

रोख रक्कम सुट्या नोटांत ठेवावी. मोबाईलवर पैसे देण्याची सोय आता बहुतेक ठिकाणी आहे, पण रेंज गेली की तीही जाते.

तपासणी: सामान बांधून गाडी स्टँडवरून काढावी, गल्लीत एक फेरी मारावी आणि टायरमधील हवा पुस्तिकेत दोन माणसांसाठी सांगितल्याइतकी आहे का ते पाहावे.

५. घाट, सडा आणि एकेरी रस्ते

कोकणात उतरण्याच्या वाटा अनेक आहेत: ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, आंबोली. वरंधा घाट पावसाळ्यात आणि दुरुस्तीसाठी बऱ्याचदा बंद ठेवला जातो, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतरण्याची सवय काहींना असते. त्यात सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि नेमक्या खालच्या वळणांवर धरेनासे होतात.

घाट संपला की खरी गंमत सुरू होते आणि खरा धोकाही. गावांच्या वरच्या बाजूला पसरलेल्या जांभ्याच्या सड्यावर रस्ता सरळ आणि मोकळा असतो, हात आपोआप पिळला जातो, आणि मग सडा एकदम संपून रस्ता नारळी-पोफळींच्या आगरात तीव्र उताराने कोसळतो. या उतारावरच्या पहिल्या वळणावर तांबडी भुकटी आणि खडी पसरलेली असते, कारण चिऱ्याचे, म्हणजे जांभ्याच्या दगडांचे, ट्रक तिथेच गिअर बदलतात आणि त्यांचा माल तिथेच सांडतो. सड्याची कडा दिसू लागली की वेग आधीच निम्मा करावा. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक दाबणे म्हणजे पडण्याची तयारी करणे होय.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि उघड्या सड्यावर ते आडवे लागतात. पहाटे ते सकाळी दहा या वेळात हवा शांत असते, गुरे अजून रस्त्यावर आलेली नसतात आणि दगड तापलेला नसतो. चालायचे तेवढे या वेळात चालावे. सूर्यास्तानंतर चालूच नये: परतणारी गुरे, रस्त्यावर बसलेली कुत्री आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचे प्रखर दिवे यांत एकेरी रस्त्याची कडा दिसत नाही, आणि त्या कडेला बहुधा गटार किंवा चिऱ्याचा गडगा (दगडी बांध) असतो.

मोबाईलचा नकाशा जवळची वाट दाखवतो, चांगली वाट नव्हे. अनोळखी फाट्यावर माणूस भेटला की एकच प्रश्न विचारावा: "या रस्त्याने एसटी जाते का?" जात असेल तर रस्ता डांबरी आहे, पूल भक्कम आहे आणि वाटेत वस्ती आहे. जात नसेल तर नकाशा काहीही म्हणो, फाटा सोडून द्यावा. किती लांब आहे हे मात्र विचारू नये. "हे काय, इथंच" या उत्तरात अर्ध्या मैलापासून दहा मैलांपर्यंत काहीही बसते. एसटी समोरून आली तर तिला रस्ता द्यावा, तोही आपण आधी थांबून, कारण वळणात तिला पूर्ण रस्ता लागतो आणि चालकाने हॉर्न दिलेला असतो.

इशारा: पेट्रोल तालुक्याच्या गावीच भरावे आणि टाकी निम्मी झाली की पुढचा पंप शोधावा. लहान गावांतल्या दुकानांत बाटलीतून मिळणाऱ्या पेट्रोलवर प्रवास आखू नये.

६. फेरीबोटीत चढणे आणि उतरणे

अनुभवी चालकांच्याही गाड्या इथे पडतात, आणि पडतात त्या चालत्या वेगामुळे नव्हे, तर घाईमुळे. जेट्टीवर पोहोचल्यावर आधी गाडी बाजूला लावावी, तिकीट काढावे आणि उतार पायी जाऊन पाहावा. ओहोटीला पाणी खाली गेलेले असल्यामुळे बोटीपर्यंतचा उतार लांब पडतो आणि त्याचा खालचा पट्टा, जो भरतीत पाण्याखाली असतो, तो चिखलाने आणि हिरव्या शेवाळाने माखलेला असतो. त्या पट्ट्यावर बूट घासून पाहिला की किती निसरडे आहे ते लगेच कळते. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीतला फरक मोठा असल्याने हा पट्टाही मोठा असतो.

मागे बसणाऱ्याने इथे उतरून चालत बोटीत जावे. चालकाने पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय जमिनीलगत ठेवून, सरळ रेषेत उतरावे. उतारावर हँडल वळवू नये आणि पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. बोटीची लोखंडी फळी ओली असते आणि जेट्टी व फळी यांच्यामध्ये एक उंचवटा किंवा फट असते, ती काटकोनात ओलांडावी. आत बोटीवरची माणसे जागा दाखवतात. चारचाक्या आधी लागतात आणि दुचाकी त्यांच्या मधल्या फटीत किंवा कठड्याला. त्यांनी हाताने खूण केल्यावरच पुढे जावे, कारण वजनाचा तोल त्यांना सांभाळायचा असतो.

बोटीत गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून इंजिन बंद करावे, आणि साइड स्टँडऐवजी मधल्या स्टँडवर लावावी. ज्या गाड्यांना मधला स्टँड नाही, त्यांचा पुढचा ब्रेक कापडी पट्टीने किंवा जाड रबराने दाबून बांधून ठेवला म्हणजे गाडी पुढे-मागे सरकत नाही. ही पट्टी हँडललाच गुंडाळून ठेवलेली बरी. मग गाडीजवळच उभे राहावे. फोटोसाठी कठड्याकडे गेलेल्या माणसाची गाडी दुसऱ्या बोटीच्या लाटेने शेजारच्या कारवर रेलते, आणि खाडीच्या मधोमध भांडण सुरू होते.

उतरताना चढण असते. मागची गाडी कितीही हॉर्न देवो, पुढचा माणूस उतार पूर्ण चढून जाईपर्यंत आपण फळी सोडू नये. मध्येच थांबावे लागले तर ओल्या चढणीवर भरलेली गाडी सावरणे कठीण जाते.

तपासणी: जेट्टीबाहेर आल्यावर दोन मिनिटे थांबून सामानाच्या दोऱ्या, स्टँड वर आहे का आणि ब्रेकची पट्टी काढली का, एवढे पाहावे.

७. मुक्कामाचे घर

घरगुती राहण्याची सोय ठरवताना फोनवर चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: गाडी अंगणात येते का, की पाखाडीच्या पायऱ्यांखाली ठेवावी लागते, जेवण घरी आहे का, मासे की शाकाहारी, आणि पोहोचण्याची शेवटची वेळ. जेवणाचा निरोप सकाळी दहाच्या आत द्यावा. घरातल्या काकू बाजार आणि मासळी बघून स्वयंपाक करतात, दुपारी दोनला अचानक येऊन "काय आहे?" विचारण्याजोगे ते हॉटेल नसते. सकाळी घावणे किंवा आंबोळ्या हव्या असतील तर तेही आदल्या रात्री सांगावे, पीठ भिजवायचे असते.

गाडी नारळाखाली लावू नये. ही सूचना विनोदी वाटते, पण वाळलेली झावळी किंवा नारळ रात्री केव्हाही पडतो आणि टाकीला खोक पडते किंवा आरसा जातो. अंगणातली माती किंवा पुळणीलगतची (समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्यालगतची) वाळू मऊ असेल तर साइड स्टँडखाली चिऱ्याचा चपटा तुकडा ठेवावा. संध्याकाळी गाडी थंड झाल्यावर घरमालकांना विचारून विहिरीच्या गोड्या पाण्याची एक बादली घ्यावी आणि चाके, चेन, सायलेन्सर आणि खालची बाजू धुऊन काढावी; जोराच्या फवाऱ्याची गरज नाही. चेन पुसून घ्यावी आणि एक दिवसाआड तिला तेल द्यावे. हे रोजचे पंधरा मिनिटांचे काम टाळले, तर तिसऱ्या दिवशी चेनवर तांबूस गंज दिसू लागतो.

८. थांबलेला दिवस

या दिवशी गाडीची किल्ली घरातल्या खुंटीला टांगावी. थांबलेल्या दिवशी "जवळच आहे म्हणून" काढलेली साठ किलोमीटरांची फेरी हीच पुढच्या दिवसाच्या थकव्याचे कारण असते. दिवसाचा आराखडा घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर बेतावा, आणि त्यासाठी किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब पुरेसा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, आणि तिच्यापुढे सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून पूर्ण भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास, तर ओहोटी सकाळी आणि रात्री नवाच्या सुमारास. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. खाडीच्या आत भरती आणखी उशिरा पोहोचते, आणि हिशेब अंदाजाचाच असल्याने पाण्यात उतरण्यापूर्वी गावातल्या माणसाला विचारणे चुकवू नये.

पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास ओहोटी संध्याकाळी येते आणि पुळण रुंद उघडी पडते. हे दिवस लांब चालायला सर्वांत चांगले. हरिहरेश्वरची समुद्राकाठची प्रदक्षिणा केवळ ओहोटीतच करता येते. ती पाणी उतरत असतानाच सुरू करावी, कारण पाणी चढू लागल्यावर खडकाच्या त्या वाटेवर माघारी फिरायला वेळ उरत नाही. भांगाच्या दिवसांत ओहोटीही अर्धवटच असते, म्हणून घड्याळात ओहोटीची वेळ आहे एवढ्यावर जाऊ नये. मंदिराजवळच्या माणसांनी नको म्हटले की नको.

पोहण्याबाबत तर आणखी कडक राहावे. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला सुंदर आणि उतरायला धोक्याचा आहे. मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर २०१६च्या फेब्रुवारीत, म्हणजे ऐन शांत समुद्राच्या महिन्यात, सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी मोठ्या संख्येने बुडाले. गुडघ्यापर्यंतच्या पाण्यातही ओहोटीची ओढ पायाखालची वाळू काढून नेते. दारू पिऊन, अंधारात किंवा एकट्याने पाण्यात जाऊ नये.

इशारा: मोटारसायकल पुळणीवर नेऊ नये. ओल्या कडक वाळूवर ती थोडी चालते, मग मऊ पट्टा लागतो, चाक रुतते, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. अनेक किनाऱ्यांवर वाहनांना मनाई आहे. वेळाससारख्या ठिकाणी तर त्याच वाळूत कासवांची अंडी असतात.

मग करायचे काय? हर्णैला मुक्काम असेल तर दुपार कलल्यावर बंदरात मासळीचा लिलाव पाहायला पायी जावे. उभे राहावे ते टोपल्या वाहणाऱ्या बायकांच्या वाटेत नव्हे, बाजूला. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला सकाळच्या उन्हात चढून जावे. गुहागरला समुद्र गावाच्या पाठीमागेच आहे, त्यामुळे कुठेही जाण्याची गरज नसते. दुपारी जेवण झाल्यावर, सोलकढीची दुसरी वाटी संपवून, पडवीत चटई टाकून पडावे. कपडे सकाळीच धुऊन टाकावेत, समुद्राच्या हवेत ते सावकाश वाळतात.

९. परतीचा प्रवास

ज्या किनाऱ्याने आलो त्याच किनाऱ्याने परतण्याचा मोह टाळावा. त्या सगळ्या बोटी पुन्हा आणि याही वेळी सुट्टी संपण्याच्या घाईत धराव्या लागतात. शेवटचा मुक्काम जिथे असेल तिथून जवळच्या घाटाने वर चढावे: गुहागरहून चिपळूण आणि कुंभार्ली, रत्नागिरीहून आंबा, सावंतवाडीहून आंबोली. मुंबईकरांना महामार्ग सोपा पडतो, मात्र तिथे जड वाहने आणि कामे चालू असलेले पट्टे यांचा हिशेब धरून पहाटेच निघावे.

ज्यांना परतीचा रस्ता नको असेल त्यांनी कोकण रेल्वेने गाडी पार्सल करावी. ही सोय पार्सल कार्यालय असलेल्या मोठ्या स्थानकांवरच मिळते, म्हणून आधी जाऊन चौकशी करावी. टाकीतले पेट्रोल पूर्ण काढावे लागते, गाडी गोणपाटात बांधावी लागते, आणि आरसी व ओळखपत्राच्या प्रती द्याव्या लागतात. आरसे आधीच काढून सामानात ठेवावेत. पावतीवर लिहिलेला गाडीचा क्रमांक तिथेच वाचून पाहावा.

घरी पोहोचल्यावर गाडी दुसऱ्याच दिवशी धुवावी, आठवड्याने नव्हे. चाकांचे आरे, सायलेन्सरची खालची बाजू, स्टँडची स्प्रिंग आणि नंबरप्लेटमागचा पत्रा या जागी मीठ साचून राहते. धुतल्यावर गाडी उन्हात पूर्ण वाळू द्यावी, चेन रॉकेलने किंवा चेन क्लीनरने साफ करून तेल द्यावे, ब्रेक एकदा उघडून आत अडकलेली वाळू ब्रशने काढावी, आणि केबलींच्या टोकांना तेलाचे दोन थेंब सोडावेत.